राबून खाल्लेलं अंगी लागत नाही

मनुष्याच्या देहात अहोरात्र एक अग्नी प्रज्वलित असतो आणि मनुष्य जे अन्न ग्रहण करतो ते त्या अग्नीत इंधनाप्रमाणे जळत राहते, हे ज्ञान मला वयाच्या पन्नाशीत प्राप्त झाले. नववीनंतर माझे शिक्षण खंडित झाले व मी जीपचे चाक हाती धरले. त्यामुळे इंजिनात डिझेल कसे जळते हे मला पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु माणसाच्या जळण्याचेही मोजमाप होते आणि त्या मापास कॅलरी असे म्हणतात, हे मला माझ्या दोन मेहुण्यांमुळे समजले. त्यांपैकी एक आज हयात नाही. दुसरा हयात आहे, इतकेच त्याच्याविषयी म्हणता येईल.

आम्ही सर्व तामलवाडीचे. माझी सोयरीक गावातलीच असल्याने सासरवाडी हाकेच्या अंतरावर आहे. थोरला मेहुणा उत्तरेश्वर हा शेती पाही आणि ट्रॅक्टर चालवीत असे. देह भरदार, मान बैलासारखी. धाकटा रणधीर दूध संकलन केंद्रावर फॅट तपासण्याच्या यंत्रापाशी बसत असे. अंगकाठीने किरकोळ आणि जिभेने तिखट. गावातील प्रत्येक म्हशीच्या दुधाची प्रत त्याला तोंडपाठ होती व त्यावरून तो म्हशीच्या मालकाचीही थट्टा करीत असे.

या रणधीरास काविळीने धरले. ती जुनी, रक्तात दडून बसलेली कावीळ होती. तिने त्याचे यकृत आतून पोखरून टाकले होते. त्याने आयुष्यात मद्याला स्पर्श केला नव्हता, तरीही गावात जे बोलायचे ते बोलले गेलेच. आम्ही त्याला माझ्या जीपमधून पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनी सांगितले की, आता औषधांचा उपयोग नाही. घरातील कोणीतरी आपल्या यकृताचा भाग काढून दिला तरच हा माणूस जगेल. सासूबाई धुरपताबाई वयाने थकलेल्या. रणधीरची पत्नी शिवकन्या हिचा व माझा रक्तगट जुळेना. माझ्या पत्नीस मधुमेह. उरला एकटा उत्तरेश्वर. त्याचे रक्त जुळले, वय चालले, मनाची तयारी तर विचारण्याआधीच होती. मात्र तपासणीअंती डॉक्टरीणबाई म्हणाल्या,

"यांच्या लिव्हरवर चरबी आहे. असं लिव्हर कापून देता येत नाही. देणाऱ्यालाही धोका आणि घेणाऱ्यालाही. वजन दहा किलोनं खाली आणा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. पेशंटकडे तेवढा वेळ आहे असं मी धरून चालते. त्याहून जास्त आहे असं मी सांगू शकत नाही."

उत्तरेश्वर हसला. "दहा किलो म्हंजे काय बाई! शेंगाची पिशवी खांद्यावरनं उतरवावी तसं उतरवतो."

आणि रणधीर, ज्याच्या डोळ्यांत हळद उतरली होती, तो खुर्चीवरून म्हणाला, "दादा, फॅट लई लागलंय तुझं. म्हशीचं असतं तर बोनस दिला असता तुला."

आम्ही सगळे हसलो. त्या रुग्णालयात आम्ही हसलो असे ते एवढेच.

आहाराविषयी सांगणाऱ्या एका तरुण मुलीने एक कागद दिला. सकाळी काय, दुपारी काय, रात्री काय, आणि रोज तासभर भरभर चालणे. उत्तरेश्वरची पत्नी गजराबाई हिने घरी आल्यावर तो कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला.

"दोन फुलकं? दाजी, नीट वाचा. फुलकं म्हंजे पोरींच्या भातुकलीतलं. ट्रॅक्टर हाकणाऱ्या गड्याला दोन फुलकं?"

"असंच लिहिलं आहे."

"मग ते डोंबारणीनं लिव्हलं असंल, दोरीवर चालणारीनं," ती म्हणाली. तरीही तिने तो कागद देवीच्या तसबिरीमागे खोचून ठेवला आणि पहिला आठवडाभर कागदाबरहुकूम वाढले. उत्तरेश्वरनेही एका शब्दाने तक्रार केली नाही. त्या आठवड्यात ते घर ज्या मार्गावर होते त्याच मार्गावर राहते तर, असा विचार माझ्या मनात आजही येतो; परंतु विचाराने काही मागे फिरत नाही.

त्यानंतर उत्कर्ष आला. उत्कर्ष हा उत्तरेश्वरचा मुलगा, पुण्यात नोकरीस असतो; त्याचाही रक्तगट चुलत्याशी जुळला नव्हता. चुलत्याच्या ओढीने तो एका दिवसासाठी आला आणि येताना वडिलांसाठी मनगटावर बांधण्याचे एक घड्याळ घेऊन आला. ते काळे, चौकोनी, आणि वेळ सांगणे हे त्याचे दुय्यम काम. माणूस किती चालला, त्याचे हृदय किती धडधडले, त्याने किती कॅलरी जाळल्या, हे सर्व ते सांगे. शिवाय ते मोबाइलशी जोडलेले असल्याने मोबाइलवर एक वर्तुळ दिसत असे आणि आज आणखी किती खाण्यास वाव आहे, तो आकडा त्या वर्तुळाच्या मध्यभागी उमटे.

"जेवढं जास्त जाळाल, तेवढा हा आकडा वाढतो," उत्कर्षने आईला समजावले. "ह्या आकड्याच्या आत जेवण बसवायचं. झालं."

रात्रीच्या गाडीने तो परत गेला. त्याचे सांगणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. परंतु गजराबाईने ते ज्या रीतीने ग्रहण केले ती रीत आमच्या घरांची होती, आणि यंत्र बनवणाऱ्यास आमची घरे ठाऊक नव्हती. आमच्याकडे पुरुष रानातून राबून आला आणि भाकरीच्या दुरडीत हात घालताना दुरडी रिकामी दिसली, तर त्याहून मोठी नामुष्की घरच्या बाईला दुसरी नसते. जे जळाले ते भरून काढणे हे तिचे कर्तव्य. मोबाइलवरील तो आकडा इतके खाता येईल असे सांगत होता. गजराबाईस तो इतके खाऊ घातलेच पाहिजे असे सांगताना दिसला. गावच्या आरोग्यसेविका आशाताईंकडून एका ज्वारीच्या भाकरीचे माप तिने विचारून घेतले आणि आकडा चढला की त्या मानाने ती भाकरी थापू लागली.

सासूबाईंनी यावर शिक्कामोर्तब केले. त्या म्हणाल्या, "राबून खाल्लेलं अंगी लागत न्हाय. बसून खाल्लेलं लागतंय. तुमचा सासरा सा-सा भाकरी खायचा, कवा पोट दिसलं व्हतं का त्येंचं?"

ही गोष्ट सत्य होती. माझे सासरे वेताच्या काठीसारखे होते. मात्र सासऱ्यांच्या काळी कुळवामागे दिवसभर चालावे लागे, ट्रॅक्टरच्या गादीवर बसावे लागत नसे, हा विचार त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही मनाला शिवला नाही.

चालण्याचा प्रयोग उत्तरेश्वरने मनापासून केला. पहाटे उठून तो तुळजापूरच्या रस्त्याने निघे. परंतु खेड्यात प्रौढ माणसाने विनाकारण चालणे ही गोष्ट सोपी नाही. हातात बादली नाही, खांद्यावर टिकाव नाही, मागे जनावर नाही, असा माणूस झपझप चाललेला दिसला की लोकांना वाटते, याचे काहीतरी हरवले आहे. पहिल्या दिवशी तिघांनी विचारले, "बैल सुटला का?" आणि नंतर मोटारसायकली थांबू लागल्या. वडीलधारा माणूस पायी जात असताना त्याला मागे न बसवता पुढे जाणे हा आमच्याकडे उद्दामपणा समजला जातो.

एकदा मी जीप घेऊन तिकडून येत होतो तेव्हा हे दृश्य मी स्वतः पाहिले. स्टँडजवळ ज्याचे धान्यखरेदीचे दुकान आहे तो उमाशंकर गाडी थांबवून उभा होता.

"बसा की तात्या, सोडतो."

"न्हाय बा. चालायलोय."

"ते दिसायलंच की. पर कुठं चालायलाव?"

"कुठंच न्हाय."

"मग बसा तर खरं. कुठंच न्हाय तिथं सोडतो."

उत्तरेश्वरने थोडा वेळ मान हलवली, हात जोडले, आणि शेवटी तो मागे बसला. नकार देऊन समोरच्याचा अपमान करण्याइतका तो शिकलेला नव्हता. माझ्या जीपजवळून जाताना त्याने माझ्याकडे अपराध्यासारखे पाहिले.

पुढे रोटाव्हेटरचा हंगाम सुरू झाला. पेरणीपूर्वी ज्याला त्याला रान भुसभुशीत करून हवे असते, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याला श्वास घेण्यास उसंत नसते. चालणे बंद पडले. आणि त्या पहिल्याच दिवशी सायंकाळी उत्तरेश्वर धुळीने माखलेला, थेट माझ्या दारात आला व त्याने मनगट माझ्यापुढे धरले.

"दाजी, बघा. म्या आज एक पाऊल चाललो न्हाय. सकाळधरनं गादीवर बसून हाय. आन् ह्ये म्हनतंय, लई चाललाव! वर्तूळ भरून दुसऱ्यांदा भरत आलंय."

मी आकडा पाहिला. इतका मोठा आकडा त्यावर यापूर्वी कधी उमटला नव्हता.

"त्याला कसं काय असं वाटलं असेल?" मी म्हणालो.

"वाटतंय कशाला? खरंच हाय. ढेकळातनं ट्रॅक्टर हाकून बघा एक दिस. कंबरडं, खांदं, मणका, सगळा खुळखुळा हुतोय. त्ये कष्ट न्हायत व्हय? लोकाला दिसत न्हाय, ह्येला दिसतंय."

मला त्याचे म्हणणे न्याय्य वाटले. जन्मभर ट्रॅक्टर चालवणाऱ्याला लोक बसून खाणारा म्हणतात. प्रथमच एका यंत्राने त्याच्या श्रमाची नोंद घेतली होती. उत्कर्षला फोन लावला तर तो कामात होता. "वाढलेलं दिसतंय ना? मग चांगलंय, बाबा," इतकेच तो म्हणाला. त्या रात्री गजराबाईने भाकऱ्यांसोबत वांग्याचे भरीत केले व वरून तेलाची धार धरली. उत्तरेश्वर तृप्त होऊन जेवला. भावासाठी जेवतो आहे असा भाव त्याच्या मुद्रेवर होता, असे मी म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही.

आणखी एक नवल घडे. सकाळी झोपेतून उठताच घड्याळावर काही आकडा आधीच जमा झालेला असे.

"झोपंत बी जळायलंय," गजराबाई म्हणे.

"काळजीनं जळतंय त्ये," सासूबाई म्हणत.

तोही आकडा न्याहारीत मोजला जाई.

रणधीरची प्रकृती या काळात उतरत होती. पाय सुजले, पोटात पाणी धरू लागले, दुपारी मध्येच त्याचा डोळा लागे व जागा झाल्यावर काही क्षण त्याला माणसांची ओळख लागत नसे. केंद्रावर जाणे त्याने सोडले होते. सायंकाळी तो ओट्यावर लोडाला टेकून बसे आणि ट्रॅक्टरचा आवाज आला की सावध होई.

"दादा, आज किती?"

उत्तरेश्वर मनगट पुढे करी. रणधीरची मुलगी समृद्धी तो आकडा मोठ्याने वाची. शिवकन्या दाराआड उभी राहून ऐके आणि ऐकून झाल्यावर आत जाई. त्या घरात पूर्वी सायंकाळी देवापुढे दिवा लावून मगच बोलणे सुरू होई. आता आधी आकडा वाचला जाई व मग दिवा लागे.

एके दिवशी मी सुचवले की, उमाशंकरच्या दुकानात धान्याचा मोठा काटा आहे, त्यावर उत्तरेश्वरला एकदा उभे करून पाहावे. गावात माणसाचे वजन करण्याचा दुसरा काटा नव्हता. उत्तरेश्वर तयार झाला. पण सासूबाई ताडकन उठल्या.

"खबरदार! जित्या माणसाला धान्याच्या काट्यावर उभं करू नये. तोललेलं घराभाईर जातंय. एक लेकरू असं पडलंय, दुसऱ्याला बी तोलता व्हय?"

त्यांच्या म्हणण्यास आधार होता. त्या काट्यावर जे जे चढले ते विकले गेले व परत कधी घरी आले नाही. आईच्या तोंडून असे शब्द निघाल्यावर त्यांचे उल्लंघन करण्याचे धैर्य कोणात असणार? उत्तरेश्वर म्हणाला, "राहू दे, दाजी. सदरा सैल झालाय माझा. मला कळतंय की." आणि सर्वांनी सदऱ्याकडे पाहिले व तो सैल झाल्याचे सर्वांना दिसले. मलाही दिसला.

फक्त एका माणसास दिसला नव्हता. तुळजापूरला रक्त तपासून परतताना जीपमध्ये आम्ही दोघेच होतो, तेव्हा रणधीर म्हणाला,

"दाजी, दादा मला वाळल्यावानी दिसंना."

"घड्याळ तर रोज वाढता आकडा दाखवत आहे."

"आमच्या केंद्रावरचं मशीन हाय ना, त्येला रोज सकाळी शून्यावर आणावं लागतंय. न्हाय आणलं तर पाण्यात बी फॅट दाखवतंय त्ये. दादाच्या ह्या मशीनला कोण शून्यावर आणतंय?"

मी जीपचा वेग कमी केला. "मग तू त्याला तसं सांगत का नाहीस?"

रणधीरने सुजलेले पाय पुढे ताणले. मग म्हणाला, "त्यो मला अंगातला तुकडा काढून द्यायलाय. म्या त्येला काय म्हनू? जल्दी कर म्हनू? भाकरी कमी खा म्हनू? घेणाऱ्यानं माप तपासू नये, दाजी. आन् तुमी बी काय बोलू नका. माझी आन हाय तुमाला. आपण तपासायला गेलो तर त्येला वाटंल, ह्येचा माझ्यावर इश्वास न्हाय."

त्याचे हे वाक्य मला तेव्हा फार थोर वाटले. आजही वाटते. थोर वाक्यानेही माणूस मरतो, एवढाच फरक आता मला समजला आहे.

तीन महिने पूर्ण होताच आम्ही पुन्हा पुण्यास गेलो. उत्तरेश्वरने नवीन धोतर-सदरा परिधान केला होता. रुग्णालयातील वजनाच्या यंत्रावर तो ऐटीत चढला. नर्सने आकडा वाचला. तो मागच्या आकड्याहून किंचित जास्त होता.

उत्तरेश्वर खाली उतरला. त्याने चपला बाजूला केल्या. खिशातील मोबाइल, चुन्याची डबी, किल्ल्या माझ्या हाती दिल्या. टोपी काढली. शेवटी मनगटावरील घड्याळही सोडले आणि पुन्हा चढला. आकडा जवळजवळ तोच राहिला. "बाई, तुमचं मशीन शून्यावर हाय का?" असे त्याने विचारले. नर्सने त्याला खाली उतरवून यंत्रावर शून्य दाखवले.

यकृताचा फोटो काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावले. चरबी होती तशीच होती, कदाचित वाढलीच होती. उत्तरेश्वरने घड्याळ त्यांच्या टेबलावर ठेवले व मोबाइलमधील सर्व वर्तुळे दाखवली. एकही दिवस रिकामा नव्हता. बाईंनी ती शांतपणे पाहिली. त्यांच्या स्वरात क्रोध नव्हता, आणि त्यामुळेच ऐकणे अधिक कठीण गेले.

"तात्या, हे घड्याळ अंदाज सांगतं. हात हलला, धक्का बसला, की त्याला वाटतं पाऊल पडलं. तुम्ही ट्रॅक्टरवर होतात ना?"

"व्हय."

"ते धक्के यानं चालणं म्हणून मोजले असणार. आणि यातला मोठा भाग तर नुसतं जिवंत राहायला लागतो. श्वास घ्यायला, अंग गरम ठेवायला. तुम्ही दिवसभर झोपून राहिलात तरी तेवढं जळतंच. तुमच्या जेवणात ते आधीच धरलेलं असतं."

मला चटकन उमगले. जीप उभी असली आणि इंजिन सुरू असले तरी डिझेल जळतेच. म्हणून जीप कुठे पोहोचत नाही. हे मी तीस वर्षे पाहत आलो होतो, आणि माणसाच्या बाबतीत मला ते दिसले नव्हते.

"म्हंजे म्या काय केलंच न्हाय?" उत्तरेश्वरने विचारले.

"तुम्ही केलंत. पण जेवढं केलंत, तेवढं खाल्लंत. थोडं जास्तच."

"मग आता जेवतच न्हाय. आजपासनं. लगेच कापा मला पंधरा दिसांनी."

बाईंनी मान हलवली. एकदम उपाशी राहिल्यानेही यकृत बिघडते, असे त्या म्हणाल्या. नव्याने, शिस्तीने सुरू करा; दरम्यान मृत दात्याकडून यकृत मिळण्याच्या यादीत रणधीरचे नाव आहेच; देवाच्या मनात असेल तर... येथे त्या थांबल्या. विज्ञान शिकलेल्या बाईने देवाचे नाव घेतले, तेव्हाच मी समजून गेलो.

रणधीर बाहेर चाकांच्या खुर्चीवर बसला होता. आम्हाला येताना पाहून तो म्हणाला, "किती निघालं फॅट, दादा?"

रणधीरने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्या हातातील घड्याळाकडे. "राहू दे," तो म्हणाला. "चला, समृद्धी वाट बघत असंल."

परतीच्या वाटेवर एका ढाब्यावर मी जीप थांबवली. रणधीरला औषधापूर्वी काही खाणे आवश्यक होते. त्याच्यासाठी वरणभात आणि आमच्यासाठी थाळ्या आल्या. उत्तरेश्वर ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. भाजी निवू लागली.

"दादा, जेव."

उत्तरेश्वरने ताट थोडे दूर सारले.

"जेव की. आता तुझ्या जेवण्यानं माझं काय जाणार न्हाय."

रणधीर हे टोचून बोलला नव्हता. थकलेला माणूस जसे खरे बोलतो तसे बोलला होता. परंतु मी उत्तरेश्वरचा चेहरा पाहिला, आणि त्यानंतर आजतागायत त्या माणसाला पोटभर जेवताना पाहिलेले नाही.

गावी आल्यावर त्याने ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती दिला व तो चालू लागला. पहाटे चाले, उन्हात चाले, संध्याकाळी चाले. मोटारसायकली थांबत, तो हात जोडी व चालत राही. पुढे पुढे मोटारसायकली थांबेनाशा झाल्या. गजराबाई तसबिरीमागील तो कागद काढून पुन्हा दोन फुलके करू लागली, आणि त्यांतलाही एक परत येई. ती कोणाशी बोलत नसे. एकदाच मला म्हणाली, "दाजी, म्या त्येंला उपाशी ठिवलं असतं तर लोकांनी मला काय म्हनलं असतं?" आता लोक तिला काय म्हणत होते ते तिलाही ठाऊक होते.

श्रावणात रणधीरला रक्ताची उलटी झाली. आम्ही त्याला सोलापूरला नेले. तेथे दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. शुद्धीत असताना त्याने उत्तरेश्वरचे मनगट चाचपून पाहिले होते. त्यावर घड्याळ नव्हते. त्याला ते हवे होते की नको होते, हे कळण्यास मार्ग नाही.

त्यांच्या घरी चूल पेटली नाही. आमच्या रिवाजाप्रमाणे भावकीतून कडू घास आला. भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा. सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा उत्तरेश्वरने एक घास मोडला, तोंडापर्यंत नेला, आणि परत ताटात ठेवला. सासूबाई त्याच्यासमोर बसून होत्या. "खा रं लेकरा," त्या म्हणत होत्या, "उपाशी ऱ्हाऊन त्यो परत येतोय व्हय?" आणि मग त्यांनाच आपल्या 'खा' म्हणण्याचा अर्थ लागला असावा, कारण त्यांनी ताट स्वतःकडे ओढून घेतले.

घड्याळ कोनाड्यात पडले होते. कोणी चार्ज न केल्याने ते आपोआप विझले.

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघाले. रणधीरच्या वाटणीच्या रानातील माल शिवकन्येच्या सांगण्यावरून विकायचा ठरला. पोती माझ्या जीपच्या मागील बाजूस घालून आम्ही दोघे उमाशंकरच्या दुकानी गेलो. उमाशंकर नेहमीप्रमाणे वहीत डोके घालून बसला होता. हमाल पोते काट्यावर ठेवी, आकडा उमटे, उमाशंकर विचारी, "कुणाच्या नावावर?" आणि लिहून घेई. ही त्याची सवयच आहे. एकाच घरचा माल असला तरी तो प्रत्येक पोत्याला विचारतो.

पोती संपली. हमाल घाम पुसत बाजूला झाला. काटा रिकामा झाला आणि उत्तरेश्वर त्याकडे पाहत राहिला. मग त्याने चपला काढल्या व तो काट्यावर चढला.

मी त्याला अडवायला हवे होते. सासूबाईंचे शब्द मला आठवले होते. परंतु आता घराबाहेर जाण्यासारखे काय उरले होते, असे वाटून मी त्याला उभे राहू दिले. काट्याच्या तांबड्या अक्षरांत आकडा उमटला. डॉक्टरीणबाईंनी मागितला होता तितका तो भरला. त्याहून थोडा कमीच.

"दाजी," उत्तरेश्वर म्हणाला, "बाईंनी एवढंच म्हनलं व्हतं न्हाय का?"

"व्हय," मी म्हणालो. पुस्तकी भाषा मला त्या क्षणी सुचली नाही.

उमाशंकरने वहीतून डोके वर काढले नव्हते. त्याला फक्त नवीन आकडा दिसला.

"हे कुणाच्या नावावर?"

"रणधीरच्या," उत्तरेश्वर म्हणाला.

उमाशंकरने लिहायला सुरुवात केली, आणि मग मान वर करून पाहिले. काट्यावर अनवाणी, हाडे वर आलेला, मान खाली घातलेला माणूस उभा होता. थोड्या वेळाने उत्तरेश्वर आपण होऊन खाली उतरला, चपला पायांत सरकवून बाहेर गेला आणि घराच्या नव्हे, तुळजापूरच्या दिशेने चालू लागला.

उमाशंकरने अर्धवट लिहिलेली ओळ खोडली. पुढचा शेतकरी माल घेऊन दारात उभा होताच. त्याने बटण दाबून काटा शून्यावर आणला.